सांधा बदलल्यानंतरचे दुर्मीळ जंतुसंसर्ग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी हॉस्पिटलच्या मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये काम करते. आमची रिपोर्टची खिडकी जिन्याला लागूनच आहे, त्यामुळे रिपोर्ट न्यायला आलेली मुलं, सुना, जावई तिथेच उभे राहून प्रश्न विचारतात. उरलेले फोनवर विचारतात. पुन्हा पुन्हा तेच प्रश्न येतात म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली. सोपे प्रश्न आधी आहेत, अडनिडे शेवटी. एकदा लिहिलेलं पुन्हा लिहिलेलं नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. तुमच्या सांध्याचा निर्णय तुमचे सर्जनच घेणार. हातातला कागद वाचताना गोंधळ होऊ नये, एवढ्यासाठीच हे.

१. आईचा गुडघा बदलायचाय. इन्फेक्शनची भीती किती धरायची?

गुडघा किंवा खुबा पहिल्यांदाच बदलत असेल, तर शंभरात एखाद-दोघांना सांध्यात खोलवर संसर्ग होतो. आधी बदललेला सांधा पुन्हा बदलताना हे प्रमाण वाढतं. ताब्यात नसलेला मधुमेह, जास्त वजन, तंबाखू-सिगारेट आणि संधिवातासाठी चालू असलेली प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं यांनी धोका वाढतो. गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल, तर त्यानंतर निदान तीन महिने ऑपरेशन टाळतात. हे सांगायला लोक हमखास विसरतात, कारण ते इंजेक्शन 'दुसऱ्या डॉक्टरांकडे' घेतलेलं असतं.

२. 'दुर्मीळ जंतू' म्हणजे नक्की कोणते? ते जास्त भयंकर असतात का?

बदललेल्या सांध्यातले बहुतेक संसर्ग स्टॅफिलोकॉकस गटातल्या जंतूंमुळे होतात. त्यांच्यामागे स्ट्रेप्टोकॉकस, एन्टेरोकॉकस आणि ई. कोलाय, स्यूडोमोनाससारखे जंतू. हे सगळे आमच्या ओळखीचे, दोन-तीन दिवसांत प्लेटवर (जंतूंचं खाणं घातलेल्या बशीवर) उगवणारे. दुर्मीळ म्हणजे या यादीबाहेरचे: टीबीचा जंतू आणि त्याची भावंडं, ब्रुसेला, साल्मोनेला, पाश्चरेला, लिस्टेरिया, बर्कहोल्डेरिया, नोकार्डिया, मासे किंवा डुकरं हाताळणाऱ्यांना होणारा एरिसिपेलोथ्रिक्स. यादी लांबवता येईल.

भयंकर म्हणाल तर यातले काही साध्या पेनिसिलिननेही जातात. अडचण असते ती वेगळीच. त्यांची शंका कुणाला येत नाही, नेहमीच्या तपासणीत ते सापडत नाहीत आणि नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत. मधले सहा महिने भलत्याच उपचारात जातात.

३. ऑपरेशनला चार वर्षं झाली. सगळं छान होतं. आता कुठून आला जंतू?

तीन वाटा असतात. ऑपरेशनच्या वेळी, शेजारच्या जखमेतून किंवा रक्तातून. पहिल्या दोन वर्षांत दिसलेला संसर्ग बहुधा ऑपरेशनच्या वेळी शिरलेला असतो. त्यानंतरचा बहुतेकदा रक्तातून आलेला. पायाच्या बोटांमधली चिखली, सडलेला दात, लघवीचा संसर्ग, मधुमेहाची तळपायाची जखम, कुठूनही.

धातू आणि प्लॅस्टिकला रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे तिथे अगदी थोडे जंतूही तग धरतात. एकदा चिकटले की स्वतःभोवती बुळबुळीत थर तयार करतात. घरातल्या पाण्याच्या टाकीच्या आतल्या भिंतीवरून बोट फिरवा, हाताला लागतो तसाच तो थर. त्याला बायोफिल्म म्हणतात. त्याच्या आतला जंतू औषधाला सहज सापडत नाही, म्हणूनच 'गोळी घेतली की बरं, थांबली की पुन्हा' असा खेळ चालतो.

४. ताप नाही, म्हणजे इन्फेक्शन नाही ना?

असं नाही. जुनाट संसर्गात ताप बहुधा नसतोच. लक्ष ठेवायचं ते ठणक्यावर. चालताना दुखणं वेगळं आणि रात्री अंथरुणात पडल्यावर ठणकणं वेगळं. बरा झालेला गुडघा पुन्हा दुखायला लागणं, टाक्यांच्या जागी फोड येऊन पाणी झिरपणं, एक्स-रेत सांधा सैल दिसणं, या खुणा आहेत. सांध्यापर्यंत पोचलेलं वाहतं भोक असेल, तर संसर्ग आहेच, दुसरा पुरावा लागत नाही. त्यावर घरी हळद भरून ते बंद व्हायची वाट पाहू नये.

उलट, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर काही महिने तो हाताला किंचित गरम लागणं नेहमीचं आहे. तेवढ्यावरून घाबरू नका. गरमपणा वाढत गेला तर दाखवा.

५. सीआरपी नॉर्मल आला. सुटलो का?

अर्धवट. सीआरपी आणि ईएसआर या शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या, नुसत्या चाळण्या आहेत. मंद वाढणाऱ्या जंतूंमध्ये त्या नॉर्मल राहू शकतात आणि संधिवाताच्या रुग्णात संसर्ग नसतानाही वाढलेल्या दिसतात. शंका असेल तर सांध्यातलं पाणी सुईने काढून तपासावं लागतं.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. मूळच्या, न बदललेल्या सांध्यात पू झाला तर पांढऱ्या पेशी ५०,००० च्या पुढे जातात, आणि तोच आकडा डोक्यात ठेवून बदललेल्या गुडघ्यातल्या ४,००० पेशींना 'विशेष नाही' म्हटलं जातं. ऑपरेशनला काही महिने उलटून गेलेल्या सांध्यात ३,००० च्या वर पेशी आणि त्यात ८० टक्क्यांवर न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा जंतूंशी लढणारा प्रकार) असतील, तर तो संसर्गाचा भक्कम पुरावा मानतात. ऑपरेशननंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत मात्र हा उंबरठा १०,००० च्या आसपास धरतात.

६. पाणी काढायच्या आधी दोन आठवडे अँटिबायोटिक बंद ठेवा म्हणाले. इन्फेक्शन वाढणार नाही का?

सगळ्यांत जास्त भांडणं या प्रश्नावर होतात. औषध चालू असताना काढलेल्या नमुन्यात जंतू अर्धमेले असतात. प्लेटवर ते उगवत नाहीत, पण बायोफिल्ममध्ये जिवंत असतात. रिपोर्ट कोरा येतो आणि पुढचे सगळे उपचार अंदाजाने करावे लागतात. जुनाट दुखण्यात दोन आठवडे थांबल्याने सहसा बिघडत नाही.

अपवाद आहे. थंडी वाजून ताप, रक्तदाब उतरलेला, रुग्ण गुंगीत, असं असेल तर नमुना आणि रक्ताचं कल्चर (जंतू उगवून पाहायची तपासणी) लगेच घेतात आणि त्याच तासात औषध सुरू करतात. तिथे थांबणं नाही.

खिडकीशी उभं राहून मी विचारते, "एखादी गोळी चालू आहे का?" उत्तर "नाही" असतं. मग खिशातून लिवोफ्लॉक्सासिनची अर्धी पट्टी निघते. "ही? ही तर कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी सर्दीसाठी दिलीय." तीच ती. आणि हे औषध टीबीच्या जंतूलाही थोडंफार लागू पडतं, त्यामुळे टीबी काही काळ दबून बसतो (प्रश्न ९).

७. रिपोर्टवर 'नो ग्रोथ' आहे, तरी डॉक्टर म्हणतात इन्फेक्शन आहे. खरं कोण बोलतंय?

दोघंही. 'नो ग्रोथ' म्हणजे 'आम्ही दिलेल्या खाण्यावर, आम्ही ठेवलेल्या वेळात काही उगवलं नाही', एवढंच. वेगवेगळ्या अभ्यासांत असे कोरे रिपोर्ट ५ टक्क्यांपासून ४० टक्क्यांपर्यंत आढळले आहेत. हा फरक मुख्यतः नमुना कसा घेतला, किती घेतला आणि आधी कोणती औषधं चालू होती, यावरून पडतो.

एकदा एका ऑपरेशन थिएटरमधून पाच बाटल्या आल्या. पाचही नीट लेबल लावलेल्या, वेळ लिहिलेली, सही केलेली. झाकण उघडलं आणि नाकाला झोंबलं. पाचही नमुने फॉर्मॅलिनमध्ये. फॉर्मॅलिनमध्ये पेशी टिकतात, जंतू मरतात. पॅथॉलॉजीसाठी एक बाटली तशी हवी असते. ज्याने कुणी त्या भरल्या त्याला वाटलं, सगळ्याच तशा. गुडघा शिवून झाला होता. त्या बाईंचा जंतू आम्हाला कधीच कळला नाही. म्हणून ऑपरेशनच्या आधी, न लाजता, सर्जनना विचारा: नमुने किती घेणार आणि कल्चरचे कशात पाठवणार? उत्तर असं असायला हवं: वेगवेगळ्या जागांचे पाच-सहा तुकडे, निर्जंतुक कोरड्या डबीत, काही थोडे पॅथॉलॉजीला. कापसाच्या बोळ्याने पुसून आणलेला नमुना जवळजवळ निरुपयोगी, आणि वाहत्या भोकाच्या तोंडावरचा तर दिशाभूल करणारा.

शोधायचे आणखी मार्ग आहेत. काढलेला धातूचा भाग द्रवात ठेवून ध्वनिलहरींनी हलवतात, म्हणजे बायोफिल्म सुटून द्रवात येतो आणि त्याचं कल्चर करता येतं. या सोनिकेशनने जंतू जास्त सापडतात हे २००७ मध्ये दाखवलं गेलं. जंतूची जनुकं थेट वाचणारी पीसीआर किंवा सिक्वेन्सिंगची तपासणीही आहे. महाग आहे आणि तीही मेलेल्या जंतूला 'आहे' म्हणू शकते.

८. बाकीचे कल्चर तीन दिवसांत येतात. आमचं १४ दिवस का ठेवलंय? आणि एकाच बाटलीत जंतू निघाला, तो खरा मानायचा का?

क्यूटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचा जंतू आहे, आपल्या कातडीच्या तेलकट ग्रंथींमध्ये राहणारा. खांद्याचा सांधा बदलल्यावर हा विशेष त्रास देतो. पाच दिवसांनी बाटली फेकली तर तो हाती लागत नाही. रोज सकाळी आम्ही बाटली उजेडात धरतो. दहा दिवस द्रव काचेसारखा स्वच्छ, अकराव्या दिवशी तळाशी धुक्यासारखं काहीतरी, हलवलं तर वर येणारं. घरच्यांचा फोन मात्र चौथ्या दिवसापासून सुरू झालेला असतो.

काही जंतूंचे खाण्याचे नखरे असतात. ग्रॅन्युलिकॅटेला आणि अबायोट्रोफिया यांना जीवनसत्त्व ब६ लागतं. ते साध्या प्लेटवर उगवतच नाहीत, पण शेजारी स्टॅफिलोकॉकसची रेघ ओढली की तिच्या कडेने बारीक ठिपक्यांनी उमटतात. शेजाऱ्याच्या ताटातलं खाऊन जगणारे.

आता दुसरा भाग. कातडीवर राहणारा जंतू पाचांपैकी एकाच बाटलीत निघाला, तर तो बहुधा वाटेत मिसळलेला असतो. दोन वेगळ्या नमुन्यांत तोच निघाला तर खरा मानतात. टीबी किंवा ब्रुसेला यांना हा नियम लागू नाही. ते कातडीवर राहत नाहीत, हवेतून बाटलीत पडत नाहीत. एकदा निघाले तरी पुरे.

९. गुडघ्यात टीबी कसा होईल? छातीचा एक्स-रे स्वच्छ आहे, घरात कुणाला टीबी नाही.

होतो. जगातल्या दर चार टीबी रुग्णांमागे एक भारतातला आहे आणि हाडा-सांध्याच्या टीबीत अनेकांची छाती स्वच्छच असते. लहानपणी कधीतरी शिरलेला जंतू शरीरात झोपून राहतो. ऑपरेशन, वय, मधुमेह, स्टेरॉइड, यांपैकी काहीतरी त्याला जागं करतं. कधी तर मूळचं गुडघेदुखीचं कारणच टीबी असतं, त्याला झीज समजून वाटी बदलली जाते आणि काढलेल्या आवरणाच्या पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये 'ग्रॅन्युलोमा' (टीबीत दिसणारी पेशींची बारीक गाठ) लिहून येतं. तो रिपोर्ट फायलीत तसाच राहू देऊ नका. टाके काढायला जाल तेव्हा 'पॅथॉलॉजीचं काय आलं' एवढं विचाराच.

टीबीसाठी कल्चर वेगळं लावावं लागतं. सर्जननी फॉर्मवर 'एएफबी' (टीबीच्या कुळातल्या जंतूंचं लॅबमधलं नाव) लिहिलं नसेल तर नेहमीच्या कल्चरमध्ये तो दिसणार नाही, आणि सहा आठवडे थांबल्याशिवाय 'नाही' म्हणता येत नाही. सीबीनॅट ही टीबीच्या जंतूची जनुकं शोधणारी तपासणी दोनेक तासांत होते आणि रिफॅम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला जंतू दाद देईल का तेही सांगते. पण सांध्यातल्या पाण्यात जंतू फार थोडे असतात, म्हणून सीबीनॅट निगेटिव्ह आली तरी टीबी नाही असं ठरत नाही. पाण्यापेक्षा आतल्या आवरणाचा तुकडा बरा.

औषधं नेहमीचीच चार, पण हाडाच्या टीबीत निदान १२ महिने, कधी १८. ऑपरेशनमध्ये अचानक सापडलेला किंवा लवकर कळलेला टीबी बरेचदा सांधा न काढता औषधांवर बरा होतो. सांधा सैल झाला असेल तर काढावा लागतो. आणखी एक, २०१२ पासून प्रत्येक टीबी रुग्णाची नोंद सरकारकडे करणं बंधनकारक आहे, खासगी दवाखान्यालाही. नोंद झाली की निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत महिना १,००० रुपये खात्यात येतात. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते ५०० होते. 'लोक काय म्हणतील' म्हणून नोंद टाळणारे पाहिलेत. तसं करू नका.

१०. टीबीची औषधं चार महिने घेतली, जखम वाहतेच आहे. रिपोर्टमध्ये 'एनटीएम' लिहिलंय. हे काय?

टीबीच्या कुळातले पण टीबी नसलेले जंतू. मायकोबॅक्टेरियम फोर्च्युइटम, ॲब्सेसस, चेलोनी ही त्यातली नेहमी भेटणारी नावं. हे नळाच्या पाण्यात, मातीत, टाक्यांत राहतात. सूक्ष्मदर्शकाखाली टीबीसारखेच लाल दिसतात, म्हणून केवळ 'एएफबी पॉझिटिव्ह' एवढ्यावर टीबीची औषधं सुरू होतात आणि ती या जंतूंवर चालत नाहीत. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर बेंबीजवळची जखम महिनोन् महिने वाहते, ते प्रकरण ऐकलं असेल; तिथेही पुष्कळदा हेच असतात, नीट निर्जंतुक न झालेल्या अवजारांतून किंवा पाण्यातून आलेले.

नेमकी जात आणि औषधांची संवेदनशीलता कळल्याशिवाय उपचार सुरू करू नयेत. क्लॅरिथ्रोमायसिन, ॲमिकॅसिन अशी दोन-तीन औषधं मिळून महिनोन् महिने द्यावी लागतात. ॲब्सेसस प्रकारात क्लॅरिथ्रोमायसिन सुरुवातीला चालतं आणि नंतर जंतू त्याला सरावतो, म्हणून लॅबमध्ये ती चाचणी १४ दिवसांपर्यंत वाचतात. सांधा बहुधा काढावा लागतो.

११. बाबा गावाकडे रोज धारोष्ण दूध पितात. डॉक्टरांनी त्याबद्दल का विचारलं?

ब्रुसेलासाठी. गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्यांमध्ये हा जंतू असतो. जनावर गाभडतं, आणि जंतू दुधात, वारेत, स्रावात उतरतो. धारोष्ण दूध अंगी लागतं ही समजूत घराघरांत आहे, आणि जनावर निरोगी असेल तर बाबा सत्तर वर्षं ते पिऊन ठणठणीत राहिलेही असतील. पण कासेतून निघालेलं दूध कोमट असतं, उकळलेलं नसतं. एक उकळी आली की ब्रुसेला मरतो. खरवस वाफवलेला असतो, त्याची चिंता नको. शेळीचं दूध 'हलकं' म्हणून कच्चं पिणाऱ्यांनी मात्र विचार करावा. गाभडलेल्या जनावराची वार उघड्या हाताने काढणारे गोपालक, मेंढपाळ, पशुवैद्य, खाटीक यांना दुधाशिवायही लागण होते.

चढ-उताराचा ताप, रात्री दरदरून घाम, कंबर धरणं, आणि मग एक दिवस बदललेला खुबा दुखायला लागतो. मध्ये कधी कधी वर्षं जातात. निदान रक्ताच्या चाचणीने आणि कल्चरने. डॉक्सिसायक्लिनबरोबर दुसरं एखादं औषध, किमान सहा आठवडे. बदललेल्या सांध्यात त्याहून बरंच जास्त. सांधा घट्ट असेल तर तो वाचतोही.

यात माझा स्वार्थ आहे, तोही सांगते. ब्रुसेला हा लॅबमधल्या माणसांना लागण करण्यात कुप्रसिद्ध आहे. प्लेटचं झाकण उघडून वास घेण्याची जुनी सवय काहींना असते, आणि तेवढंही पुरतं. फॉर्मवर 'गोठा आहे' किंवा 'कच्चं दूध' असे दोन शब्द असले तर आम्ही ती बाटली सुरक्षा कपाटातच उघडतो. वासरांसाठी ब्रुसेलोसिसची लस आहे, चार ते आठ महिन्यांच्या कालवडी-पारड्यांना सरकारी मोहिमेत देतात. घरी जनावरं असतील तर ती चुकवू नका.

१२. कोकणात भातशेती आहे. पावसाळ्यात चिखलात उतरलं तर बदललेल्या गुडघ्याला धोका आहे का?

धोका थोडा, पण मधुमेह असेल तर दुर्लक्ष करण्याइतका नाही. बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलाय हा जंतू चिखलात, साचलेल्या पाण्यात राहतो आणि मेलिओइडोसिस नावाचा आजार करतो. १९१२ मध्ये रंगूनहून त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. आपल्याकडे किनारपट्टीवर, विशेषतः मंगळूर-उडुपीकडे, मोठ्या पावसानंतर रुग्ण दिसतात, आणि त्यात मधुमेही फार. फुफ्फुस, यकृत, प्लीहा, सांधे, कुठेही गळवं होतात.

फसवणूक अशी की रिपोर्टमध्ये तो 'स्यूडोमोनास' म्हणून निघू शकतो. जेंटामायसिन आणि कोलिस्टिन दोन्हींना दाद देत नाही असं दिसलं, तर लॅबने थांबून पुन्हा पाहायला हवं. उपचार दोन टप्प्यांत: आधी सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम शिरेतून काही आठवडे, मग कोट्रायमोक्साझोलच्या गोळ्या तीन ते सहा महिने. बरं वाटलं म्हणून दुसरा टप्पा सोडला की आजार उलटतो.

शेती सोडा असं कोण म्हणणार? गमबूट घाला, पायावर जखम असेल तर त्या दिवशी चिखलात उतरू नका, साखर ताब्यात ठेवा.

१३. मांजरीने बोचकारलं, गुडघा बदललेल्याच पायावर. काय करू?

साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा. रेबीजच्या लसीसाठी त्याच दिवशी दवाखान्यात जा, आणि तिथे 'या पायात सांधा बसवलाय' हे सांगा. मांजरांच्या, कुत्र्यांच्या तोंडात पाश्चरेला असतो. तो बदललेल्या सांध्यात उतरल्याच्या नोंदी आहेत, काही तर जखम चाटू दिल्यामुळे. पेनिसिलिन गटातल्या औषधांना तो सहसा दाद देतो. एक-दोन दिवसांत गुडघा सुजला तर सर्जनला दाखवा.

१४. दुसऱ्या गुडघ्यासाठी जळवा लावतोय. बदललेल्या गुडघ्यालाही लावू का?

नको. जळवेच्या पोटात एरोमोनास नावाचा जंतू कायमचा मुक्कामाला असतो, रक्त पचवायला तो तिला मदत करतो. साध्या कातडीवर बहुतेकदा काही होत नाही. आत धातू असलेल्या सांध्यावर ही जोखीम घ्यायचं कारण नाही. डाग देणं, त्या सांध्यात सुया टोचणं, कातडी भाजेल असे गरम लेप यांनाही हेच उत्तर. दुसऱ्या गुडघ्याला जळवा लावायच्या तरी आधी सर्जनना विचारा; रक्तातून जंतू कुठेही जातो (प्रश्न ३).

१५. खुब्यातून 'स्ट्रेप्टोकॉकस गॅलोलिटिकस' निघाला आणि डॉक्टर कोलोनोस्कोपी करायला सांगताहेत. खुब्याचा आणि आतड्याचा काय संबंध?

पैसे काढायचा डाव वाटतो, कळतं मला. पण सल्ला बरोबर आहे. हा जंतू आतड्यात राहतो आणि तो रक्तात उतरलेल्या लोकांमध्ये मोठ्या आतड्याच्या गाठी किंवा कर्करोग नेहमीपेक्षा जास्त सापडतो. जुन्या रिपोर्टमध्ये याचंच नाव 'स्ट्रेप्टोकॉकस बोव्हिस' असं असायचं. हृदयाच्या झडपांसाठी इकोही करतात. कोलोनोस्कोपी करून घ्या.

१६. आता सांधा काढावाच लागेल का?

किती दिवसांचा संसर्ग आणि कोणता जंतू, यावर अवलंबून. ऑपरेशनला महिना झालेला नसेल, किंवा अचानक सूज येऊन तीन आठवड्यांच्या आतली गोष्ट असेल, आणि सांधा घट्ट असेल, तर उघडून, धुऊन, प्लॅस्टिकचा भाग बदलून मूळ सांधा ठेवतात. त्यापेक्षा जुनं असेल तर बायोफिल्म पक्का झालेला असतो, मग सांधा बदलणंच आलं: एकाच बैठकीत, किंवा दोन टप्प्यांत मध्ये 'स्पेसर' ठेवून. स्पेसर म्हणजे अँटिबायोटिक मिसळलेल्या हाडाच्या सिमेंटचा तात्पुरता सांधा. सिमेंटमध्ये जेंटामायसिन मिसळायची कल्पना हॅम्बुर्गच्या बुखहोल्झ यांची, १९७० च्या सुमाराची. सिमेंट घट्ट होताना तापतं, म्हणून त्या उष्णतेत टिकणारीच औषधं चालतात.

जंतू दुर्मीळ असेल तर एकाच बैठकीत बदलायला सर्जन सहसा कचरतात, आणि योग्यच आहे: सिमेंटमध्ये कोणतं औषध घालायचं हे जंतू कळल्याशिवाय ठरत नाही. मेलिओइडोसिसमध्ये जेंटामायसिनचा स्पेसर घातला तर उपयोग काय? टीबी आणि ब्रुसेलाचे अपवाद प्रश्न ९ आणि ११ मध्ये आहेत.

१७. सलाइनमधूनच औषध हवं ना? गोळ्यांनी काय होणार? आणि किती दिवस?

२०१९ मध्ये ब्रिटनमधला ओव्हिवा अभ्यास प्रसिद्ध झाला. हाडा-सांध्याच्या संसर्गात पहिले सहा आठवडे योग्य निवडलेल्या गोळ्या शिरेतल्या औषधाइतक्याच उपयोगी ठरल्या. योग्य निवडलेल्या, हे महत्त्वाचं. मुदतीबद्दल २०२१ मध्ये फ्रान्सचा अभ्यास आला. त्यात सहा आठवड्यांपेक्षा बारा आठवडे सरस ठरले, सांधा तसाच ठेवून धुतलेल्या रुग्णांत तर फारच. हे आकडे नेहमीच्या जंतूंचे. दुर्मीळ जंतूंची मुदत त्या त्या प्रश्नात दिली आहे.

रिफॅम्पिसिन चालू असेल तर लघवी नारिंगी होते, घाबरू नका. ते एकटं कधीच घ्यायचं नसतं. आणि गुडघ्याच्या ऑपरेशननंतर रक्त पातळ ठेवण्यासाठी दिलेल्या गोळ्यांचा, मधुमेहाच्या काही गोळ्यांचा असर ते कमी करतं. सगळ्या चिठ्ठ्या एकाच डॉक्टरांसमोर ठेवा.

१८. दात काढायचाय. आधी अँटिबायोटिक घेऊ?

सरसकट गरज नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१५ मध्येच तसं स्पष्ट केलं आहे. प्रतिकारशक्ती खूप कमी असेल किंवा सांध्यात आधी संसर्ग होऊन गेला असेल, तर सर्जनना विचारून ठरवा. दोन वेळा दात घासण्याने जास्त फायदा आहे.

१९. घरातल्यांना लागण होईल का?

बदललेल्या सांध्यातून नाही. वाहत्या जखमेची पट्टी बदलल्यावर हात धुवा, पट्टी बंद पिशवीत टाका. टीबी असेल तर रुग्णाच्या छातीचा एक्स-रे एकदा करून घ्या. फुफ्फुसात असेल तरच खोकल्यातून पसरतो. कच्चं दूध सगळं घरच पीत असेल तर प्रश्न सांध्याचा राहत नाही, सगळ्यांची तपासणी करा.

२०. आजोबांना मूत्राशयाच्या कर्करोगासाठी बीसीजी देतात. खुबा बदललेला आहे. काही संबंध?

फार क्वचित, पण आहे. मूत्राशयात सोडलेलं बीसीजी म्हणजे जिवंत, दुबळा केलेला जंतू. तो रक्तात उतरून बदललेल्या सांध्यात बसल्याच्या नोंदी आहेत, कधी कधी वर्षांनंतर. बाळाला दंडावर देतात त्या लसीचा इथे संबंध नाही. उपचार थांबवू नका. युरोलॉजिस्टना खुब्याबद्दल सांगा आणि खुबा दुखायला लागला तर हाडाच्या डॉक्टरांना बीसीजीबद्दल. पायरॅझिनामाइड हे टीबीचं औषध या जंतूवर चालत नाही, म्हणून 'टीबीच समजून' उपचार करता येत नाहीत.

२१. एका गुडघ्यात असा संसर्ग झाला. दुसरा गुडघा बदलायचा राहिलाय. कधी करू?

पहिल्याचा निकाल लागल्याशिवाय नाही. औषधं पूर्ण होऊन, त्यानंतर काही काळ औषधांशिवाय सांधा शांत राहिला, सीआरपी खाली आला आणि टिकला, मगच दुसऱ्याची तारीख. दोन्ही गुडघे आधीच बदललेले असतील आणि एकात संसर्ग निघाला, तर दुसरा दुखत नसला तरी तपासून घ्या.

त्या ऑपरेशनला जाताना जुन्या जंतूचा रिपोर्ट, मूळ प्रत, बरोबर न्या. फोटो नको, फोनवरच्या फोटोत औषधांच्या यादीची शेवटची ओळ नेहमी कापलेली असते.